रूळ जोडलेले, तिकिटे तुटलेली

युरोपच्या सहलीचे जे चित्र महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या मनात ठसले आहे, ते प्रवासी कंपनीच्या बसचे आहे. दहा-बारा दिवसांत सहा-सात देश, बरोबर आपल्या माणसांचा घोळका, संध्याकाळी वरण-भाताची सोय, आणि काचेतून दिसणारे आल्प्सचे शिखर. या सहलीची कुचेष्टा करण्याचे काही कारण नाही. जन्मभर काटकसर करून निवृत्तीनंतर एकदाच जग पाहायला निघालेल्या शिक्षकाला किंवा बँकेतील कारकुनाला परक्या भाषेची आणि परक्या अन्नाची धास्ती वाटावी, हे अगदी स्वाभाविक आहे. पण या बसमधून युरोपातील एक मोठी गोष्ट दिसत नाही, आणि ती म्हणजे तेथील सार्वजनिक वाहतूक. आयफेल मनोरा आणि कलोसियम यांची छायाचित्रे सर्वांकडे असतात. परंतु ज्या रेल्वेने, ट्रामने आणि खेड्यातल्या बसने तेथील सामान्य माणूस रोज कामाला जातो, तिच्यातून हिंडले म्हणजे त्या समाजाने शंभर-दीडशे वर्षांत काय कमावले आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत काय गमावले, याचा हिशेब हातातल्या तिकिटावरच वाचता येतो.

हा हिशेब थोडक्यात असा मांडता येईल: देशाच्या हद्दीत ही व्यवस्था नागरिकाचा हक्क म्हणून उभी आहे, देशाची हद्द ओलांडली की ती बाजारातील एक वस्तू बनते. रूळ एकमेकांना जोडलेले आहेत, तिकिटे मात्र तुटलेली आहेत. हे असे का झाले, हे समजून घेतल्याशिवाय युरोपचा प्रवास आणि युरोपचे राजकारण यांपैकी काहीच नीट उमगत नाही.

प्रथम सुट्टीचाच विचार केला पाहिजे. युरोपची यात्रा हा एके काळी उमरावांच्या मुलांच्या शिक्षणाचा शेवटचा टप्पा असे. सामान्य माणसाला तिच्या जवळपास आणले ते रेल्वेने. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक या दारूबंदीच्या प्रचारकाने लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे खास गाडीने, माणशी एक शिलिंग घेऊन नेली. आधुनिक पर्यटनाचा इतिहास बहुधा येथूनच सांगितला जातो. पण स्वस्त तिकीट असून भागत नाही. रजा घेतली की पगार कापला जात असेल, तर कामगाराला स्वस्त तिकिटाचा उपयोग काय? हे कोडे सोडवले ते व्यापाऱ्याने नव्हे, कामगार चळवळीने. १९३६ च्या मे-जूनमध्ये फ्रान्समधील कामगारांनी कारखान्यांत ठाण मांडून संप केला. लेऑं ब्लूम यांच्या जनआघाडी सरकारने २० जूनच्या कायद्याने प्रत्येक कामगाराला वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. आणि त्या मंत्रिमंडळात क्रीडा व विरंगुळा हे खाते सांभाळणाऱ्या लेओ लाग्रांज यांनी त्या रजेला रेल्वेच्या तिकिटाची जोड दिली: सुट्टीसाठी जाणाऱ्या कामगाराला चाळीस टक्के सवलत. त्या उन्हाळ्यात लाखो कुटुंबांनी प्रथमच समुद्र पाहिला. लाग्रांज १९४० च्या जूनमध्ये युद्धभूमीवर मारले गेले. परंतु कामगारांच्या वार्षिक सुट्टीच्या तिकिटाची सवलत, टक्केवारी घटली तरी, फ्रेंच रेल्वेत पुढे टिकून राहिली. रजेचा कायदा आणि रेल्वेचे तिकीट या एकाच हक्काच्या दोन बाजू आहेत, हे त्या सरकारने ओळखले होते.

युद्धानंतर दुसरी पायरी चढली गेली. १९५६ च्या जूनमध्ये पश्चिम युरोपातील बहुतेक रेल्वेंनी तिसरा वर्ग रद्द केला. लाकडी बाकांचा, गरिबांचा म्हणून ओळखला जाणारा डबा इतिहासजमा झाला. तिसरी पायरी १९७२ ची. आंतरराष्ट्रीय रेल्वे संघाला पन्नास वर्षे झाली, त्या निमित्ताने एकवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी ‘इंटररेल’ नावाचा पास निघाला. एकच कागद, एक महिना, आणि एकवीस देश. पाठीवर पिशवी टाकून निघालेल्या एका सबंध पिढीने या पासावर खंड पालथा घातला. ज्यांच्या आजोबांनी व्हर्दँच्या खंदकांत एकमेकांवर गोळ्या झाडल्या होत्या, ती जर्मन आणि फ्रेंच मुले एकाच डब्यात पाव वाटून खात होती. नेत्यांच्या करारांनी युरोप जितका एक झाला, तितकाच तो या डब्यांनीही केला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. इंटररेल हा युरोपच्या रहिवाशांसाठीचा पास आहे. भारतीय प्रवाशाला मिळतो तो ‘युरेल’, जो १९५९ पासून चालत आला आहे. आज दोन्ही पास सर्व वयाच्या लोकांना उपलब्ध आहेत.

या पासामागील तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. १९७२ साली या रेल्वे बहुतांशी आपापल्या राष्ट्रांच्या मालकीच्या होत्या. त्या एकमेकींशी स्पर्धा करीत नव्हत्या. प्रवाशाने कोणत्या देशात किती प्रवास केला याचा हिशेब आपसांत मिटवीत होत्या. कोणत्याही बाजारपेठेने हा पास निर्माण केला नाही. तो सहकार्याचा पास होता.

हे तत्त्व एका देशाच्या हद्दीत किती पुढे जाऊ शकते, याचे उदाहरण म्हणून स्वित्झर्लंडकडे पाहावे. बँका आणि घड्याळे यांच्या या देशाला कोणी समाजवादी म्हणणार नाही. तरीही २० फेब्रुवारी १८९८ रोजी तेथील मतदारांनी सार्वमत घेऊन मुख्य रेल्वेमार्गांचे राष्ट्रीयीकरण केले. १९८२ मध्ये तेथे ठरावीक अंतराने सुटणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक आले. दर तासाला त्याच मिनिटाला त्याच गावची गाडी. ६ डिसेंबर १९८७ रोजी आणखी एका सार्वमताने ‘रेल्वे २०००’ ही योजना मंजूर झाली. तिचे सूत्र असे, की गाडी शक्य तितकी वेगवान करायची नाही. पुढची गाडी गाठता यावी इतकीच वेगवान करायची. मोठ्या स्थानकांत सर्व दिशांच्या गाड्या तास भरण्याच्या थोड्या आधी येतात, प्रवासी फलाट बदलतात, आणि तास उलटताच त्या सर्व दिशांना निघतात. हे गणित जुळावे म्हणून बर्न ते झ्यूरिक हे अंतर एका तासाच्या आत आणायला हवे होते. त्यासाठी नवा मार्ग बांधला आणि डिसेंबर २००४ मध्ये तो सुरू झाला. गाडीतून उतरावे तो स्थानकाबाहेर पिवळी टपालबस उभी असते, आणि ती डोंगरातल्या शेवटच्या वाडीपर्यंत नेते. घाटाच्या वळणावर तिचा तीन सुरांचा भोंगा वाजतो. ते सूर रोसिनीच्या ‘विल्यम टेल’मधले आहेत. तेथे तिकीट महाग आहे, परदेशी पाहुण्याला तर फारच महाग वाटते, ही गोष्ट लपवण्यासारखी नाही. पण वेळापत्रक हीच खरी सार्वजनिक मालमत्ता असते, आणि ते प्रत्येक गाडीचे वेगळे नव्हे तर सबंध देशाचे एक असावे, हा धडा तेथे मिळतो.

स्वित्झर्लंडहून गाडी इन्सब्रुकमार्गे पूर्वेला व्हिएन्नाला जाते. तेथे उतरणारा प्रवासी बहुधा राजवाडे आणि संगीताची सभागृहे पाहतो. त्याने चार क्रमांकाची भुयारी रेल्वे पकडून तिच्या शेवटच्या स्थानकावर, हायलिगेनश्टाटला, जरूर जावे. स्थानकाच्या समोरच कार्ल मार्क्स होफ ही कामगारांची वसाहत एक किलोमीटरहून अधिक लांब पसरलेली आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ पासून या शहरात समाजवादी लोकशाहीवाद्यांची सत्ता होती. त्यांनी धनिकांवर कर बसवून कामगारांसाठी हजारो घरे बांधली. १९३० साली ही वसाहत खुली झाली आणि १९३४ च्या फेब्रुवारीत हुकूमशाही सरकारने तिच्यावर तोफा डागल्या. त्याच नगरपालिकेने १९२५ मध्ये शहरातील बंद पडलेली वाफेवरची रेल्वे ताब्यात घेऊन विजेवर चालवली होती. आजची चार क्रमांकाची भुयारी रेल्वे तिच्याच मार्गावरून धावते. घर आणि घरापर्यंत नेणारी गाडी हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, ही जाण त्या राज्यकर्त्यांना होती.

त्या परंपरेतच व्हिएन्नाने २०१२ च्या मे महिन्यात वर्षाच्या पासाची किंमत ४४९ युरोंवरून ३६५ युरोंवर आणली. दिवसाला एक युरो. तूट कोठून भरली? पार्किंगचे शुल्क वाढवले गेले, आणि शहरातील मालकांकडून प्रत्येक कामगारामागे घेतला जाणारा साप्ताहिक कर वाढवून दोन युरो करण्यात आला. पॅरिस परिसरात १९७१ पासून असाच कर मालकांकडून घेतला जातो. यामागील युक्तिवाद अगदी साधा आहे: कामगार कारखान्यात वेळेवर पोहोचतो याचा लाभ मालकाला होत असेल, तर गाडीचा खर्च एकट्या कामगाराने का सोसावा? व्हिएन्नाचा तो दर सुमारे चौदा वर्षे टिकला; २०२६ च्या आरंभी, पैशाची चणचण सांगून, तो बराच वाढवण्यात आला. मिळवलेली गोष्ट कायमची आपली झाली असे मानून चालत नाही, हेही व्हिएन्नाच शिकवते.

या वाटेने आणखी पुढे गेलेला देश म्हणजे चिमुकला लक्झेंबर्ग. २९ फेब्रुवारी २०२० पासून तेथे ट्राम, बस आणि रेल्वे, तिन्ही सर्वांना मोफत आहेत. नागरिक असो वा पाहुणा, तिकिटाचा प्रश्नच नाही. केवळ रेल्वेच्या पहिल्या वर्गाला पैसे पडतात. जर्मनीने २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने नऊ युरोंत महिनाभर देशात कोठेही फिरू देणारे तिकीट काढले, आणि अशी पाच कोटींहून अधिक तिकिटे खपली. लोकांना मोटार सोडवत नाही, असे सांगणाऱ्यांना ते उत्तर होते. १ मे २०२३ पासून ते ४९ युरोंच्या कायम तिकिटाच्या रूपात आले. २०२५ मध्ये ५८ आणि २०२६ मध्ये ६३ युरो असा त्याचा दर चढत गेला. वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांना ते चालत नाही. परंतु ज्या प्रवाशाला घाई नाही, त्याला सावकाश गाड्यांनी हॅम्बर्गपासून आल्प्सच्या पायथ्यापर्यंत जाता येते, आणि हेच तिकीट ऑस्ट्रियाच्या झाल्त्सबुर्ग स्थानकापर्यंतही चालते.

येथवरची कथा उत्साहाची आहे. आता सीमेवर यावे.

लक्झेंबर्गमध्ये रोज दोन लाखांहून अधिक कामगार फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून कामाला येतात. तेथील घरे त्यांना परवडत नाहीत, म्हणून ते सीमेपलीकडे राहतात. त्यांची गाडी लक्झेंबर्गच्या हद्दीत मोफत असते. सीमा आली की उरलेल्या वाटेचे पैसे मोजावे लागतात. म्हणजे देशात राहू शकणाऱ्याला मोफत आणि ज्याच्या श्रमावर तो देश चालतो त्याला तिकीट, असा हा न्याय झाला.

सीमेवरील अडचणी तांत्रिक असतात, असे नेहमी सांगितले जाते. यात काही तथ्य जरूर आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड येथे रेल्वेची वीज एका प्रकारची, इटलीत दुसऱ्या प्रकारची, उत्तर फ्रान्समध्ये तिसऱ्या. पण दोन घाटवाटांची तुलना करून पाहावी. ऑस्ट्रिया आणि इटली यांच्यामध्ये ब्रेनरची खिंड सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे. तेथे वीज बदलते, भाषा बदलते, सिग्नल बदलतात. आणि या सीमेसाठी पहिल्या महायुद्धात रक्त सांडले आहे. तरीही म्युनिकहून व्हेरोनाकडे जाणाऱ्या थेट गाड्या दिवसातून अनेकदा ही खिंड ओलांडतात. आता लिस्बन आणि माद्रिद पाहावे. दोन शेजारी देशांच्या राजधान्या, सरळ रेषेत अंतर सुमारे पाचशे किलोमीटर. दोन्ही देशांच्या जुन्या मार्गांवरील रुळांमधले अंतर एकच, १६६८ मिलिमीटर. दोन्ही देश १९८६ मध्ये एकाच दिवशी युरोपीय समुदायात दाखल झाले. त्या दोन राजधान्यांना जोडणारी रात्रीची गाडी २०२० च्या मार्चमध्ये महामारीचे कारण सांगून थांबवण्यात आली, आणि महामारी ओसरल्यावरही ती परत सुरू केली गेली नाही. तेव्हापासून रेल्वेने जाणाऱ्याला सीमेजवळच्या बदाहोसमार्गे गाड्या बदलत जवळजवळ सबंध दिवस काढावा लागू लागला. डोंगर आडवा आला तेथे गाडी चालते. रूळ जुळतात तेथे गाडी नाही. तेव्हा अडथळा लोखंडात नाही, धोरणात आहे.

हे धोरण कधी आले? १९९१ साली युरोपीय समुदायाने एक निर्देश काढून रूळ आणि गाड्या यांचे हिशेब वेगळे करायला लावले. हेतू असा सांगितला गेला, की एकाच रुळावर अनेक कंपन्या गाड्या चालवतील, स्पर्धा होईल आणि प्रवाशाचे भले होईल. त्यानंतर प्रत्येक राष्ट्रीय रेल्वे ही एक कंपनी बनली, आणि शेजारच्या देशाची रेल्वे ही सहकारी न राहता प्रतिस्पर्धी झाली. प्रतिस्पर्ध्याचे तिकीट आपल्या खिडकीवर कोण विकणार? आपली गाडी उशिरा आली तर त्याच्या गाडीने थांबावे, ही अपेक्षा कोणी ठेवायची?

याचा भार प्रवाशाच्या डोक्यावर पडतो. युरोपच्या कायद्याने गाडी तासाभराहून अधिक उशिरा पोहोचली तर तिकिटाचे २५ टक्के आणि दोन तासांहून अधिक उशीर झाल्यास ५० टक्के परत मिळतात. पण तिकिटे वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळी घेतलेली असली, आणि पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर दुसरी कंपनी म्हणते की आमची गाडी वेळेवर सुटली. पहिली म्हणते की आमचा उशीर वीस मिनिटांचाच होता. दोघींचेही बरोबर, आणि प्रवासी फलाटावर. म्हणून अनेक देशांतून जाणाऱ्याने शक्य तेथे सबंध प्रवासाचे एकच तिकीट मागावे, आणि ते मिळत नसेल तर दोन गाड्यांमध्ये भरपूर अवकाश ठेवावा. पासधारकानेही जाणून असावे, की फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत पास असूनही जागेचे वेगळे पैसे पडतात आणि पासधारकांसाठीच्या जागा मर्यादित असतात. उलट स्वित्झर्लंडच्या बहुतेक गाड्यांत पास घेऊन सरळ चढता येते. पास तोच, परंतु एके ठिकाणी तो हक्क आहे आणि दुसऱ्या ठिकाणी विनंती.

रात्रीच्या गाड्यांची गत याहून वाईट झाली. संध्याकाळी एका देशात बसावे आणि सकाळी दुसऱ्या देशात उतरावे, यात हॉटेलचा खर्च वाचतो आणि दिवस फुकट जात नाही. पण नफ्याच्या कोष्टकात ही गाडी बसत नाही: आसनांच्या डब्यात जितकी माणसे मावतात तितकी शय्यांच्या डब्यात मावत नाहीत, आणि डबा दिवसभर उभा राहतो. जर्मन रेल्वेने डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या शयनगाड्या बंद केल्या. त्यांपैकी काही चालवायला घेतल्या त्या ऑस्ट्रियाच्या सरकारी रेल्वेने, आणि लोकांनी त्या भरून काढल्या. पॅरिस-व्हिएन्ना गाडी २०२१ च्या अखेरीस आणि पॅरिस-बर्लिन गाडी २०२३ च्या अखेरीस पुन्हा धावू लागली. परंतु फ्रेंच सरकारने अर्थसाहाय्य काढून घेताच डिसेंबर २०२५ मध्ये या गाड्यांची ती सेवा संपली. ब्रसेल्सहून बर्लिनला जाणारी एक शयनगाडी २०२३ पासून सहकारी तत्त्वावर, छोट्या भागधारकांच्या पैशांवर उभी राहिली, ही आशेची खूण आहे. पण खंडाची वाहतूक काही थोड्या ध्येयवादी लोकांच्या वर्गणीवर सोडून चालणार नाही.

आणि याच वेळी विमानाला कशी वागणूक मिळते? विमानाच्या इंधनावर युरोपात व्यापारी उड्डाणांसाठी सर्वसाधारणपणे कर नाही. २००३ च्या ऊर्जाकराच्या निर्देशानेच ती सूट दिली आहे. आंतरराष्ट्रीय विमान तिकिटावर मूल्यवर्धित कर नाही. जर्मनीसारख्या देशात मात्र सीमेपार जाणाऱ्या गाडीच्या देशातील टप्प्यावर तो द्यावा लागतो. रेल्वेला रुळाचे भाडे आहे, विजेचे बिल आहे. मग वीस युरोंत विमान आणि दीडशे युरोंत गाडी असे दर दिसले, की तज्ज्ञ म्हणतात, ‘बाजाराने निवाडा दिला.’ तराजूच्या एका पारड्यात आधीच वजन ठेवलेले असताना जो निवाडा होतो, त्याला निवाडा म्हणत नाहीत.

खाजगीकरणाच्या वाटेवर सर्वांत पुढे ब्रिटन गेले. १९९३ च्या कायद्याने रेल्वेचे तुकडे केले. रूळ सांभाळणाऱ्या कंपनीचे भाग १९९६ मध्ये विकले गेले. १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफील्डजवळ भेगा पडलेला रूळ तुटून गाडी घसरली आणि चार माणसे ठार झाली. पुढच्याच वर्षी ती कंपनी दिवाळखोरीच्या दारात गेली, आणि २००२ मध्ये रूळ नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेकडे आले. यातील विडंबना अशी, की ब्रिटनच्या सरकारी संस्थांना गाड्या चालवण्याचा ठेका मागण्यास कायद्याने बंदी होती. पण जर्मनी, फ्रान्स, नेदरलंड्स आणि इटली यांच्या सरकारी रेल्वेंच्या उपकंपन्यांनी ते ठेके मिळवले. सार्वजनिक मालकीला विरोध नव्हता. विरोध होता तो स्वतःच्या जनतेच्या मालकीला. अखेर २०२४ साली संसदेने गाड्या परत सार्वजनिक मालकीत घेण्याचा कायदा केला आणि २५ मे २०२५ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. जर्मन रेल्वे तर सरकारचीच आहे; तरी २०२४ मध्ये तिच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर पोहोचल्या, आणि उशिरा येणाऱ्या जर्मन गाड्या स्वित्झर्लंड बाझलच्या पुढे जाऊ देत नाही. मग सार्वजनिक मालकीचा उपयोग काय? उत्तर असे, की केवळ मालकी सरकारची असून पुरत नाही. १९९४ मध्ये त्या रेल्वेची कंपनी केली गेली आणि ती शेअरबाजारात उतरवण्याची तयारी सुरू झाली; २००८ चे आर्थिक अरिष्ट आले म्हणून ती विक्री टळली. दरम्यानच्या वर्षांत ताळेबंद सुंदर दिसावा म्हणून रूळ, बगलमार्ग आणि दुरुस्ती यांवर जे खर्चायचे ते खर्चले गेले नाही. सरकारने भांडवलदारासारखे वागायचे ठरवले, तर जनतेला भांडवलदारीचेच फळ मिळते. स्वित्झर्लंड आणि जर्मनी यांतील फरक मालकीचा नाही. तो पैसा कोठे घालायचा हे कोण ठरवतो, याचा आहे. एके ठिकाणी ते सार्वमताने ठरले, दुसऱ्या ठिकाणी संचालक मंडळाने.

प्रवाशांची आणखी एक तक्रार असते ती संपाची. सहल आखलेली असताना इटलीत किंवा फ्रान्समध्ये रेल्वेचा संप निघाला की पर्यटक संतापतो. त्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक व्यवहाराची: इटलीत १९९० च्या कायद्यानुसार संपाची पूर्वसूचना द्यावी लागते, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरावीक गाड्या संपातही चालतात. दुसरी तत्त्वाची: ज्या भरपगारी रजेमुळे युरोपातला कामगार सहलीला निघू शकतो, ती रजा संपातूनच मिळाली आहे. आपल्याकडे २०२१ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एस.टी.चे कर्मचारी संपावर होते, तेव्हा खेड्यापाड्यांतील लोकांचे अतोनात हाल झाले. ते हाल खरे होते, आणि चालक-वाहकांच्या तुटपुंज्या, वेळेवर न मिळणाऱ्या पगाराचे दुःखही तितकेच खरे होते. प्रवासी आणि कर्मचारी यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे ही सत्ताधाऱ्यांची जुनी युक्ती आहे.

युरोपात सीमेवरचा हा तुटलेला धागा जोडता येतो, याचे पुरावेही आहेत, आणि ते मोठ्या कंपन्यांनी नव्हे, शहरांनी दिले आहेत. ऱ्हाइन नदीच्या एका तीरावर फ्रान्सचे स्ट्रासबुर्ग, दुसऱ्यावर जर्मनीचे केल. १८७० पासून १९४५ पर्यंत या तीरांनी तीन युद्धे पाहिली. २०१७ च्या एप्रिलपासून स्ट्रासबुर्गची साधी शहरी ट्राम पूल ओलांडून केलला जाते; माणसे भाजीपाला आणायला नदीपलीकडे जातात. बाझलच्या ट्राम स्वित्झर्लंडमधून निघून जर्मनीत आणि फ्रान्समध्येही पोहोचतात. २०१९ च्या डिसेंबरपासून जिनिव्हाच्या परिसरात स्विस आणि फ्रेंच गावांना एकत्र जोडणारी उपनगरी रेल्वे धावते. येथे दोन्हीकडच्या लोकनियुक्त संस्थांनी एकत्र बसून खर्च वाटून घेतला. बाजाराची वाट पाहिली नाही. सबंध खंडासाठी हेच करावे लागेल: एक तिकीट, सबंध प्रवासाची एक जबाबदारी, आणि रात्रीच्या गाड्यांना सर्व देशांचा सामाईक निधी.

युरोपची ही उठाठेव महाराष्ट्रात कशासाठी, असे कोणी विचारील. कोल्हापूरहून बेळगावला माहेरी निघालेल्या स्त्रीला ते विचारावे लागणार नाही. २०२३ च्या मार्चपासून महाराष्ट्राच्या एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंत. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात स्त्रियांना सरकारी बस मोफत आहे, पण ती त्या राज्याच्या रहिवासी स्त्रियांना. सीमेचा वाद पेटला की दोन्हीकडच्या बसच उभ्या राहतात. २०२५ च्या फेब्रुवारीतही तेच घडले. लक्झेंबर्गच्या सीमेवरचा कामगार आणि कागलच्या नाक्यावरची ही स्त्री यांची व्यथा एकच आहे.

आणि समाजवादी चळवळीला तरी हा विषय परका वाटू नये. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी घातली आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला मुंबई-हावडा मार्गावर गीतांजली एक्स्प्रेस ही वर्गविहीन गाडी सुरू केली. कोट्यवधी माणसांच्या पाठीला त्या दोन इंचांच्या गादीने जो समाजवाद समजावला, तो शेकडो ठरावांनी समजावला नसता. आज देशात नव्या झळाळत्या गाड्यांची वर्णने होतात, आणि साध्या डब्यात उभे राहायला जागा नसते. एस.टी.च्या आगारांच्या जमिनींवर विकासकांची नजर आहे. मुंबईत बेस्टच्या स्वतःच्या बसगाड्या घटत जाऊन ठेकेदारांच्या बसगाड्या आल्या. युरोपने या वाटेवर तीस वर्षे चालून पाहिले, आणि ब्रिटन तर आता मागे वळले आहे. त्यांनी फी भरून घेतलेला धडा महाराष्ट्राला फुकट मिळत आहे. तो घ्यायचा असेल तर मागणीही नेमकी केली पाहिजे: एस.टी., लोकल, बेस्ट आणि मेट्रो यांचे एक वेळापत्रक आणि एक तिकीट. सवलत राज्याच्या सीमेवर तुटणार नाही असा शेजारी राज्यांशी करार. आणि कामगारांच्या ने-आणीतून ज्यांचा नफा वाढतो, त्या मालकांवर वाहतुकीचा कर. यांतील एकही गोष्ट स्वप्नातली नाही. प्रत्येक कोठे ना कोठे चालू आहे, आणि तिकीट काढून पाहता येते.